हद्द कायम

मोजणी खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली,
पण हात अजून कागद शोधतात.
म्हणून कुत्रीचा नकाशा काढला.
पंजे, काखा, पोट, दोन्ही कान.
खाजवते तिथे लाल पेन्सिल,
नुसती चाटते तिथे तुटक रेघ
(पांढऱ्या केसांवर लाळेचा गंज चढलाय).
उत्तरेचा बाण शेपटीकडे.

मार्गशीर्षात नंदुरबारात कोणालाही विचारा,
खाज कशाची, तर मिरचीची.
पथारीवरून वारा सुटला की अख्खी गल्ली शिंकते,
मग कवडीने का खाजवू नये?
भावडूआप्पा ओट्यावरून म्हणाले,
"जयेल ऑइल चोपड नाना. मन्हा बैलले तेच लायेल व्हतं."
चोपडलं. खोटं का बोलू.
रात्रभर ती ते चाटत होती, ओकत होती,
आणि मी बॅटरी घेऊन शेजारी बसलो,
बांधाच्या भांडणात एकाच पार्टीचं ऐकून
खुणा रोवून आलेल्या माणसासारखा.

डॉक्टर वसावे बाईंनी आधी काहीच दिलं नाही.
बारीक दातांचा कंगवा फिरवला,
निघालेली काळी घाण ओल्या कापसावर टेकवली.
कापूस लाल झाला नाही. म्हणजे पिसवा नाहीत.
कातडी खरवडून काचेखाली पाहिली. खरूजही नाही.
कान उलटून हुंगला:
आंबलेल्या पिठाचा वास.
मग म्हणाल्या, "हिचं अंगच हद्द चुकीची मोजतंय.
शेजारच्या साध्या माणसाला अतिक्रमण समजून
लाठ्या घेऊन धावतंय."

तीस वर्षांत इतका स्वच्छ शेरा
माझ्या एकाही साहेबाने लिहिला नव्हता.

आठ आठवडे एकच जेवण.
तिने जन्मात न चाखलेलं: मासा आणि रताळं.
आमच्या घरात चतुर्थीला लसूण चालत नाही!
प्रकाशाहून डब्यातून तापीचा मासा येऊ लागला,
गच्चीवर वेगळा स्टोव्ह, वेगळं पातेलं,
आणि विमलने जिन्यात खडूने रेघ मारली,
"ह्याच्या खाली वास यायचा नाही."
वासाला कुठली आलीय हद्द.
दोन दिवस ती बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी वर आली,
पदर नाकाला लावून
काटे काढून देऊ लागली.

वहीत रोज आकडा, शून्य ते दहा.
आठ. आठ. सात.
पाच.
चार, पोटावर लव दिसते.
तीन.
पाचव्या आठवड्यात पुन्हा आठ.

चौकशी लावली. नातवाला दरडावलं,
दूधवाल्याचा जबाब घेतला,
भावडूआप्पांचे खिसे तेवढे तपासायचे राहिले.
विमल चहाचा कप ठेवत म्हणाली,
"तुमचा हात बघा."
डावा हात खुर्चीखाली होता,
टोस्टचा शेवटचा तुकडा धरून,
आणि बोटांवर कवडीची जीभ.
सहा वर्षं रोज सकाळी तो हात
मला न विचारता तिथे जात होता.

वहीत लिहिलं: मोजणीदाराची चूक.
खाली सही केली, तारीख टाकली.
पुन्हा आठ आठवडे, पहिल्यापासून.

आता गहू बंद आहे.
गोदामामागचं गाजरगवत फुलतं तेव्हा तिकडचा रस्ताही बंद.
मिरचीवरची फुली मी खोडली,
आप्पांना ते अजून पटलेलं नाही.
फिरून आलो की चार पंजे ओल्या फडक्याने,
बोटांच्या बेचक्यांतून, मग कोरडे.
रविवारी औषधी शॅम्पू, घड्याळ लावून दहा मिनिटं.
फेस अंगावर ठेवून ती थरथरत उभी राहते
आणि मी तिला धडगावच्या एका जुन्या मोजणीची गोष्ट सांगतो,
जी दहा मिनिटांत कधीच संपत नाही.

"पूर्ण बरी होणार नाही," बाई म्हणाल्या होत्या,
"सांभाळता येईल."
नकाशावरची लाल पेन्सिल बरीच खोडून झालीय,
कागद तिथे पातळ झालाय.
उजवा पुढचा पंजा तेवढा वादात आहे.

रात्री तिचा पाय फरशीवर आपटतो,
टक टक टक, थांबतो, टक.
विमल अंधारातच विचारते,
"किती?"
मी म्हणतो, "दोन. झोप."